प्रतिसाद : टास्मानियातील छोट्या पायवाटा

गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना घेऊन ऑस्ट्रेलियातील टास्मानिया या बेटाची मोटारसहल करावी का, या आपल्या प्रश्नावर वर एकांनी 'तेथे लांब पदभ्रमणाशिवाय काही दिसत नाही' असे लिहिले आहे, ते मला मुळीच पटत नाही. तेथील राजधानी होबार्टहून सुमारे दीड तासावर असलेल्या माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानात रसेल धबधब्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट असून जाऊन-येऊन अर्धा तास पुरतो. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर छत्र धरणारे वृक्षनेचे (झाडासारखे उंच वाढणारे फर्न) आहेत, ओल्या ओंडक्यांवर शेवाळाचा जाड थर चढलेला असतो आणि पाणी दिसण्याआधी त्याचा गारवा अंगाला जाणवतो. जवळच्याच 'टॉल ट्रीज' वाटेवर निलगिरीच्या कुळातील जे वृक्ष आहेत, त्यांची जात सपुष्प वनस्पतींमध्ये जगात सर्वांत उंच वाढणारी आहे. ते बघायला तरी आईवडिलांना अवश्य न्यावे.

पूर्व किनाऱ्यावर वाइनग्लास बेच्या दर्शनस्थळासाठी बराच चढ आणि पायऱ्या आहेत, म्हणून त्याऐवजी केप टूरव्हिलच्या दीपगृहाभोवतीची वीस मिनिटांची फेरी घ्यावी. पश्चिमेकडे क्वीन्सटाउनला जाताना नेल्सन धबधब्याची छोटी वाट रस्त्यालगतच सुरू होते. क्रेडल माउंटनला मात्र डव्ह सरोवराची पूर्ण प्रदक्षिणा सुमारे सहा किलोमीटरची असल्याने काठावर थोडेसेच चालावे.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने आपल्याला अवघड वाटणार नाही. परंतु सूर्यास्तानंतर वन्यप्राणी रस्त्यावर येतात, तेव्हा मुक्कामी उजेडातच पोहोचावे, ही कळकळीची विनंती.