लिंक्डइनवरून जॉबवर्क मिळतं का? भोसरीतलं छोटं सीएनसी-व्हीएमसी शॉप

भोसरी_शेड

भोसरी एमआयडीसीत मशिन शॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशिन), सात माणसं. ८० टक्के काम एकाच टियर-२ कस्टमरकडून (वाहन कंपनीच्या पुरवठादाराला माल देणाऱ्याकडून) येतं. त्यांचं शेड्यूल हललं की आमच्या मशिनी उभ्या. व्हीएमसी सध्या दुसऱ्या शिफ्टला रिकामीच असते.

चार महिन्यांपूर्वी लिंक्डइनवर खातं काढलं. सहाशे कनेक्शन झाली, त्यांत निम्मे इन्शुरन्सवाले आणि सॉफ्टवेअर विकणारे. कंपनीचं पेजही केलं. खंडेनवमीला मशिनपूजेचे फोटो टाकले, लाइक भरपूर आले, एन्क्वायरी एकही नाही. मोठ्या वाहन कंपन्यांच्या परचेस हेडना विनंत्या पाठवल्या. काहींनी स्वीकारल्या, पण मेसेजला उत्तर देत नाहीत.

नेमकं चुकतंय कुठे? आणि पैसे भरून प्रीमियम घेतलं तर फरक पडेल का?

मायक्रॉन

प्रीमियम आत्ता नको. तुमचा पत्ताच चुकलाय, पैसे भरून चुकीच्याच दारावर जास्त वेळा थाप माराल.

मोठ्या वाहन कंपनीत नवा व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) उघडणं ही परचेस हेडच्या एकट्याच्या हातातली गोष्ट नसते. आधी ऑडिट, मग आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) आहे का, मग सँपल आणि पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं). सात माणसांच्या शॉपसाठी तिथे एवढा खटाटोप कोण करणार? तुमची व्हीएमसी दुसऱ्या शिफ्टला रिकामी आहे ना, मग अशा शिफ्टला बसणारं काम शोधा. एसपीएम (एकाच खास कामाची मशिनं) बनवणारे, जिग-फिक्श्चरवाले (पार्ट पकडून ठेवणारी साधनं करणारे), कन्व्हेअर आणि ऑटोमेशनवाले, पॅकेजिंग मशिन, पंप-व्हॉल्व्ह, प्रोटोटाइप करणारे स्टार्टअप. यांना २ ते ५० नग लागतात, आठवड्या-दहा दिवसांत लागतात, आणि ड्रॉइंग बऱ्याचदा अर्धवट असतं. मोठे व्हेंडर अशा कामाला हात लावत नाहीत. तुमची जागा तीच.

यांना शोधायचं कसं? सरळ माणसं शोधू नका, आधी कंपन्या शोधा. सर्चमध्ये 'स्पेशल पर्पज मशिन' टाका, निकाल कंपन्यांपुरते ठेवा, ठिकाण पुणे, कर्मचारीसंख्या ११-५० आणि ५१-२००. मग एकेका कंपनीच्या पेजवर जाऊन तिथल्या माणसांच्या यादीत डिझाइन, एनपीडी (नवं उत्पादन विकसन), सोर्सिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट हे हुद्दे बघा. पन्नास माणसांच्या कंपनीत परचेस मॅनेजरपेक्षा डिझाइन इंजिनिअर कामाचा. पार्ट अडल्यावर घाम त्याला फुटतो.

थेट माणसं शोधायची झाली तर पूर्ण हुद्दा अवतरणचिन्हांत लिहा आणि मधले ऑर, अँड, नॉट इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाका, नाहीतर साइट त्यांना साधे शब्द समजते. फुकट खात्यावर असा शोध फार झाला की महिन्याची मर्यादा लागते. ती पुढच्या १ तारखेला मोकळी होते. म्हणून सर्च उधळू नका, सापडलेल्या कंपन्या एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

विनंत्या रोज आठ-दहाच पाठवा. आठवड्याला शंभरच्या आसपास गेलात की साइट हात आखडते, आणि 'या माणसाला ओळखत नाही' असं बरेच जण म्हणाले तर खात्यावर बंधनं येतात. महिनाभर पडून राहिलेल्या विनंत्या मागे घ्या. मात्र मागे घेतल्यावर त्याच माणसाला साधारण तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही. आपोआप विनंत्या पाठवणारी एक्स्टेन्शनं कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ती साइटच्या नियमांत बसत नाहीत आणि खातं जातं ते तुमचं.

आता प्रोफाइल. नावाखालच्या ओळीत 'प्रोप्रायटर' लिहिलं असेल तर आजच काढा. तिथे २२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचीच दिसतात, म्हणून कामाचं आधी. साइटवर इंग्रजीत लिहा, इथे मराठीत देतोय:

'व्हीएमसी ८००×५००×५००, टर्निंग २५० व्यासापर्यंत | १ ते ५०० नग | ईएन८, एसएस३०४, ॲल्युमिनियम ६०६१ | फिक्श्चर आणि एसपीएम पार्ट | भोसरी, पुणे'

आकडे अर्थात तुमच्या मशिनचे टाका. परिचयाच्या जागेत २,६०० अक्षरं बसतात, पण 'आणखी पाहा' दाबण्याआधी दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे '२००५ साली स्थापन झालेली अग्रगण्य संस्था' वगैरे नको.

कंपनीचं पेज असू द्या, व्हिजिटिंग कार्डासारखं. पोस्ट मात्र स्वतःच्या खात्यावरून टाका. पेजवरची पोस्ट फारशी कुणाच्या पुढे जात नाही.

खरेदी_टेबल

मायक्रॉन यांनी दार सांगितलं. दाराच्या आत बसलेला माणूस काय बघतो ते सांगते.

'डिअर सर, वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर ऑफ ऑल टाइप्स ऑफ कॉम्पोनंट्स' असा मेसेज दिवसाला चार तरी येतात. 'ऑल टाइप्स' वाचलं की कळतं, यांना स्वतःलाच ठाऊक नाही काय चांगलं जमतं. त्याऐवजी चार ओळी:

'नमस्कार. तुमच्या कंपनीची पिक-अँड-प्लेस युनिट पाहिली. आम्ही भोसरीत ८०० लांबीपर्यंतच्या ॲल्युमिनियम आणि एमएस प्लेट व्हीएमसीवर करतो, २ ते ५० नग, साधारण ८ दिवसांत. हीट ट्रीटमेंट आणि ब्लॅकनिंग बाहेरून करून देतो. क्षमतेचं एक पान जोडलंय. कुठला पार्ट अडला असेल तर ड्रॉइंग पाठवा, २४ तासांत दर देऊ.'

हा मेसेज विनंती स्वीकारल्यावरच पाठवा. फुकट खात्याला विनंतीसोबत चिठ्ठी जोडायची मुभा महिन्याला मोजकीच असते, ती अगदी हव्याच असलेल्या पाच कंपन्यांसाठी राखून ठेवा.

'क्षमतेचं पान' म्हणजे एका पानाची पीडीएफ. मशिनची मेक आणि वर्ष, चक साइझ, बार कपॅसिटी, टेबल आणि ट्रॅव्हल, कंट्रोलर, चौथा ॲक्सिस आहे की नाही, नेहमीचं मटेरियल, घरात असलेली मोजमापाची साधनं, सीएमएम (मशिनवर अचूक मोजणी) बाहेरून करता का, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) आणि जीएसटी नंबर, फोन. बस. देवाचा फोटो, व्हिजन, मिशन काही नको. तीच फाइल प्रोफाइलच्या फीचर्ड भागात लावा.

या पानावर सगळ्यात जास्त फसतात ते टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, आकड्यात. लोक बेधडक '±५ मायक्रॉन' (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) लिहितात. मग येणारी ड्रॉइंगं ग्राइंडिंगची असतात आणि तुम्ही प्रत्येकाला नाही म्हणत बसता. एखाद्या नगावर सकाळी मिळालेला आकडा लिहायचा नसतो. शंभर नगांच्या बॅचमध्ये, दुपारी मशिन तापल्यावर आणि टूल घासल्यावरही टिकेल तो लिहा. आणि तो मोजता यायला हवा. साधनाचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) टॉलरन्सच्या एक दशांश असावं हा जुना नियम. २५ मिमी व्यासाचा एच६ (टॉलरन्सचा वर्ग) शाफ्ट म्हणजे २५.००० ते २४.९८७, पट्टा १३ मायक्रॉनचा. तुमच्याकडे ०.०१ लीस्ट काउंटचा मायक्रोमीटर असेल तर पास-फेल ठरवणार कशावर? पहिल्या भेटीत आम्ही मशिनच्या आधी गेज आणि कॅलिब्रेशनच्या तारखा बघतो.

आणि एन्क्वायरी आल्यावर खरी परीक्षा. कोटेशनमध्ये ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, मटेरियल कुणाचं, १०-५०-२०० नगांचे वेगळे दर, फिक्श्चरचा खर्च वेगळा, पहिला नग किती दिवसांत, बाकीचे किती दिवसांत, तपासणी रिपोर्ट मिळेल का, दर किती दिवस लागू, एवढं हवं. 'रेट ₹१८०' असा व्हॉट्सॲप आला तर तो तुलनेच्या तक्त्यात बसवता येत नाही, आणि तक्त्यात नाही तो व्हेंडर यादीत नाही. काम जमणार नसेल तर तसं त्याच दिवशी कळवा. वेळेत आलेला नकार आम्ही लक्षात ठेवतो. चार दिवस गप्प बसणारा मात्र पुढच्या वेळी आठवत नाही.

भोसरी_शेड

प्रोफाइल आजच बदलतो. पोस्टचं काय? दाखवण्यासारखे पार्ट सगळे कस्टमरचे आहेत. त्यांचे फोटो टाकले तर चालतात का?

बर_काढणारा

विचारल्याशिवाय नाही. ड्रॉइंग कस्टमरची मालमत्ता असते. एनडीए (गुप्ततेचा करार) नसला तरी परचेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी वाचा, गुप्ततेचं कलम बहुतेक तिथेच सापडतं. फोटोत पार्टच फक्त नसतो, मागच्या ट्रेवरचं रूट कार्ड (कामाच्या टप्प्यांचा कागद), क्रेटवरचा लोगो, पार्टवर पंच केलेला नंबर आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवरचं प्रोग्रॅमचं नावही येतं. लेखी परवानगी नसेल तर टाकू नका. ऐंशी टक्के काम देणाऱ्याला एका फोटोसाठी दुखवायचं नाही.

त्यापेक्षा स्वतःचे दोन-तीन नमुने करा. रिकाम्या शिफ्टला स्क्रॅपमधल्या प्लेटवर खोल पॉकेट, पातळ रिब, डाउवेल पिनचं होल असा एक तुकडा. फोटो घेताना कूलंट पुसा, सर्फेस प्लेटवर ठेवा, बाजूला स्टील स्केल, उजेड खिडकीचा. फ्लॅशने मशिन केलेला भाग चकाकतो आणि टूलच्या खुणा नको तेवढ्या उठतात.

पण नुसत्या फोटोवर थांबू नका. आठवड्याला एक पोस्ट, आणि तीत एक अडचण. उदाहरणार्थ पातळ बुश: बाहेरचा व्यास ६०, भिंत २ मिमी. चकच्या तीन कडक जबड्यांत (हार्ड जॉ) धरून बोअर केला की मशिनवर गोल दिसतो, चक सोडला की तीन बाजूंनी फुगतो. गंमत म्हणजे दोन टोकांनी मोजणारं साधन फिरवून फिरवून तोच आकडा देतं, कारण तीन कोनी फुगवटा समोरासमोरच्या मापात लपतो. मग असेंब्लीत बेअरिंग बसत नाही आणि रिपोर्टवर सगळं ओके. उपाय म्हणजे पूर्ण कवेत घेणारे सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) त्याच व्यासाला बोअर करून घेणं, शेवटच्या कटला चकचा दाब कमी करणं, किंवा फिक्श्चरमध्ये तोंडाकडून दाबून धरणं. आणि तपासायला तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर.

ही पोस्ट ज्या डिझाइन इंजिनिअरचा बुश कालच रिजेक्ट झालाय तो शेवटपर्यंत वाचतो. खाली 'ऑर्डरसाठी संपर्क करा' लिहायची गरज नाही, प्रोफाइलवर सगळं आहेच. पाच-सहा चित्रं असतील तर पीडीएफ करून टाका. ती पानं सरकवत बघता येतात. पोस्ट टाकल्यावर तासभर तरी फोन जवळ ठेवा, कुणी काही विचारलं तर तिथेच नीट उत्तर द्या. दुसऱ्यांच्या तांत्रिक पोस्टवर दोन ओळींची कामाची टीप देणं हीसुद्धा पोस्टच समजा, कधी कधी जास्त चालते.

खंडेनवमीचे फोटो टाका की, वर्षातून एकदा.

चलन_बिल

एक धोक्याची बाजू कुणी बोललं नाही. प्रोफाइल नीट झालं की खोट्या एन्क्वायऱ्याही येणार.

परदेशी कंपनीच्या नावाने मोठी आरएफक्यू (दर मागणारी विनंती) आणि आधी 'व्हेंडर रजिस्ट्रेशन फी' मागितली तर तिथेच थांबा. ड्रॉइंग पीडीएफ, डीएक्सएफ किंवा स्टेप फाइलमध्ये येतं. पासवर्ड लावलेली झिप आणि आत ईएक्सई निघाली तर उघडू नका. विंडोजमध्ये फाइलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग करून ठेवा, नाहीतर शेवटचा ईएक्सई लपतो आणि पीडीएफ असल्यासारखं वाटतं.

देशातला नवा कस्टमर असेल तर जीएसटी नंबर मागा आणि सरकारी पोर्टलवर तपासा. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, पुढची दहा अक्षरं पॅन. नोंदणी चालू आहे का, पत्ता जुळतो का, रिटर्न भरलेत का, दोन मिनिटांत कळतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर मास्टर डेटा बघा.

पहिल्या ऑर्डरला मटेरियल तुमचं असेल तर ५० टक्के ॲडव्हान्स, बाकी माल उचलण्याआधी. उद्यम नंबर कोटेशनवर आणि बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ चं चक्रवाढ व्याज आणि तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. पण नव्या कस्टमरवर लगेच कायदा काढायचा नसतो, नंबर छापलेला दिसला तरी अकाउंट्सवाला तुमचं बिल गठ्ठ्यात वर ठेवतो.

भोसरी_शेड

शेवटचं एक. पानावर जीमेलचा पत्ता चालेल का?

खरेदी_टेबल

चालतो, पण स्वतःच्या डोमेनचा घ्या. सेटिंग करणाऱ्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्या, नाहीतर कोटेशन आमच्या स्पॅममध्ये पडतं आणि आम्ही समजतो उत्तर आलंच नाही. पहिल्यांदा कोटेशन पाठवलंत की फोन करून 'मेल पोचला का' एवढं विचारा.