चर्चा: बेळगावची हवामान-जोखीम 58 वॉर्डांच्या हद्दीत मोजता येईल का?

मार्कंडेयकाठ (चर्चेची सुरुवात)

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी मुंबईने मार्च 2022 मध्ये कृती आराखडा जाहीर केला आणि बंगळूरने नोव्हेंबर 2023 मध्ये. बेळगावनेही तो करावा, असे मला मनापासून वाटते. मात्र तो कोणत्या नकाशावर करायचा हे आधी ठरले पाहिजे, म्हणून इथे विषय मांडत आहे. महापालिकेच्या 58 वॉर्डांची हद्द ही जोखीम मोजण्याची चौकट होऊ शकत नाही, असे माझे मत आहे. चौकट पाणलोटाची, म्हणजे ज्या प्रदेशातले पावसाचे पाणी एकाच नाल्यात किंवा नदीत उतरते त्या प्रदेशाची धरावी, आणि मोजणीला शहराचे पाणी शिवारात नेणाऱ्या बळ्ळारी नाल्यापासून सुरुवात करावी.

जोखीम म्हणजे नुसता जोराचा पाऊस नव्हे. पाऊस किती पडतो, त्याच्या पाण्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि वाटेतले ते किती लवकर मोडते व किती उशिरा सावरते, या तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्याशिवाय जोखीम कळत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचे 2014 पासूनचे अहवालही तिची मांडणी याच तीन अंगांनी करतात. पहिले अंग बेळगावच्या हातात नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते बाष्प कधीतरी एकदम खाली येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. उरलेली दोन अंगे मात्र सर्वस्वी इथली आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतल्या छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पाणी नाल्यात उतरते, नाला ते शिवारात नेतो, आणि जिथे महापालिकेचा नकाशा संपतो तिथूनच पुराचे खरे नुकसान सुरू होते. ऑगस्ट 2019 मध्ये आपण सर्वांनी ते पाहिले आहे.

माझी विनंती अशी की, त्या पुराच्या पाण्याची खूण ज्यांच्या भिंतीवर किंवा बांधावर अजून दिसते, त्यांनी ती उंबऱ्यापासून किंवा रस्त्यापासून मोजून इथे लिहावी.

टिळकवाडी, निवृत्त स्थापत्य अभियंता

आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मत पटत नाही. पाणलोट ही चौकट पुस्तकात बरोबर असली, तरी महापालिकेला हद्दीबाहेर एक रुपयाही सहज खर्च करता येत नाही. हद्दीबाहेर ग्रामपंचायती आहेत, पाटबंधारे खाते आहे, महसूल खाते आहे, महामार्गाचे अधिकारी आहेत. या सर्वांची मोट बांधून जोखीम मोजायची म्हटली, तर मोजणीतच दहा पावसाळे जातील.

दुसरे असे की, मूल्यमापनांचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत जानेवारी 2016 मध्ये बेळगावची निवड झाली. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2019 पासून अशा शहरांसाठी हवामान-मूल्यमापनाची चौकट आणली. तिचे पाच विभाग आणि 28 निर्देशक आहेत: ऊर्जा व हरित इमारती, नियोजन व हिरवळ, वाहतूक व हवा, पाणी, कचरा. ही चौकट मी बारकाईने वाचली आहे आणि ती वाईट नाही. पण तिच्यात शहराला गुण मिळतात ते धोरण आहे का, अभ्यास झाला का, तरतूद केली का, यांवर. अमुक पुलाच्या मोऱ्या अर्ध्या बुजल्या आहेत, हे त्या गुणांत कुठेच दिसत नाही.

माझ्या मते तीन कामे कोणत्याही आराखड्याची वाट न पाहता करावीत. एप्रिल-मेमध्ये नाल्यांचा गाळ आणि जलपर्णी काढून ती काठावर न ठेवता दूर न्यावी, म्हणजे पहिल्याच पावसात ती परत नाल्यात जाणार नाही. मोऱ्या रुंद कराव्यात. आणि पर्जन्यमापक वाढवावेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 2010 ची शहरी पुरासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे दर 4 चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असे सांगतात. एका तासात किती पाऊस पडला हेच ठाऊक नसेल, तर गटाराचा आकार कशावरून ठरवायचा?

मार्कंडेयकाठ

साहेब, त्याच मार्गदर्शक तत्त्वांत शहरातील पाण्याच्या निचऱ्याची आखणी पाणलोट हा आधार धरून करावी, असेही म्हटले आहे. अर्धे वाक्य घेऊन अर्धे सोडता येणार नाही.

वडगाव शिवार

मी शेतकरी आहे. अभियंता साहेबांचे दुसरे काम वाचून काळजात धस्स झाले, म्हणून लिहीत आहे.

मोऱ्या रुंद करा, नाला खोल करा, पाणी लवकर बाहेर काढा, असे शहरातला प्रत्येक जण म्हणतो. बाहेर म्हणजे कुठे? बाहेर आमची शेते आहेत. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरची ही जमीन बासमती भाताची आहे, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर आम्ही मसूर आणि हरभरा घेतो. पूर्वी पावसाचे पाणी आले तरी दीड-दोन दिवसांत ओसरायचे आणि भाताला ते सोसायचे. आता शहराचे सिमेंटचे रस्ते आणि गटारे पाणी इतक्या वेगाने आणून टाकतात की, नाला काठ सोडतो आणि पाणी पाच-सहा दिवस वाफ्यातून हलत नाही. 2019 ला पाणी ओसरल्यावर मी वाफ्यात उतरलो आणि एक गड्डा हाताने उपटला. वरची पात अजून हिरवी होती, पण मुळे काळी पडून चिकट झाली होती आणि हाताला गटाराचा वास येत होता. तो वास दोन दिवस गेला नाही.

आपत्ती कोणाची, हे मोजताना घरे मोजली जातात, वाहने मोजली जातात. पिकाचा पंचनामा होतो, पण जमिनीत जे मुरले त्याचा होत नाही. त्यातच हलगा-मच्छे बायपासचा भराव याच शिवारातून जाणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षे विरोध करत आलो आहोत. सुपीक जमीन जाते हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, उंच भराव टाकला की तो पाण्याला आडवा बांध होतो, आणि त्याखालच्या मोऱ्या कोणी कशा मोजल्या हे आम्हाला मराठीत कोणी समजावून सांगितलेले नाही. शहर स्वतःला वाचवताना आम्हाला बुडवणार असेल, तर त्याला जोखीम कमी झाली असे म्हणू नये; ती फक्त आमच्या बांधावर सरकवली असे म्हणावे.

खासबाग, विणकर

दादा, तुमचे दुःख खरे आहे, पण आमची बाजूही ऐकून घ्या. नाला रुंद झाला नाही तर पाणी आमच्या घरात थांबते. यंत्रमागाची मोटर जमिनीपासून वीतभरही उंच नसते. पाणी उंबऱ्यावर चढले की आधी मोटर जाते, मग मागावर चढवलेले सूत खालून भिजत वर येते, आणि भिजलेल्या सुताचा ताण कमी-जास्त झाला की ते विणायच्या कामाचे राहत नाही. माझे सतरा दिवस माग बंद होते. मजुरी बंद, हप्ता मात्र चालू.

खूण विचारली आहे म्हणून सांगतो. मागच्या खोलीच्या भिंतीवर उंबऱ्यापासून 2 फूट 1 इंचावर रेघ आहे. तिच्यावर दोनदा चुना मारला, तरी ओल धरली की ती पुन्हा दिसते.

गणेशपूर रोड

सर्व जण पुरावरच बोलत आहेत, म्हणून वेगळे मत नोंदवतो. या शहराची मोठी जोखीम पाणी जास्त होण्याची नसून पाणी न मिळण्याची आहे. 2023 च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचा साठा तळाला गेला होता आणि शहराची सारी भिस्त हिडकल धरणावर आली होती. त्या वर्षी राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. पुराचा त्रास पंधरवड्याचा असतो, टंचाईचा चार महिन्यांचा. आणि टंचाईत टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा पंचनामा होत नाही.

या गावाला विहिरींचे शहाणपण होते. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आहे. मागे टंचाईच्या काळात शहरातल्या अनेक जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून वापरात आणल्या गेल्या आणि त्यांनी खरोखर हात दिला. आराखडा करायचाच असेल तर प्रत्येक विहिरीची मे महिन्यातली पाणीपातळी ही त्याची पहिली नोंद असावी.

निपाणीकर

मार्कंडेयकाठ यांचा पाणलोटाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण मग बळ्ळारी नाल्यावर थांबणे मान्य नाही. आमच्याकडे यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर येते. जुलै 2021 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग तिथे बंद पडला, तेव्हा बेळगावचा उत्तरेकडचा रस्ताच तुटला होता. ती नदी महाराष्ट्रातून येते. चिकोडीकडच्या गावांत पावसाळ्यात रोज सकाळी पहिला प्रश्न असतो तो महाराष्ट्रातल्या कृष्णेवरील राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक सुटले, हा. सीमेचा वाद न्यायालयात कितीही वर्षे चालो, पाण्याने तो केव्हाच निकालात काढला आहे.

सुरतेचे उदाहरण घ्यावे. 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने ते शहर बुडाले. त्यानंतर त्यांनी धरणाचे अधिकारी, हवामान खाते आणि महापालिका यांना एका साखळीत आणून वरच्या पाणलोटातल्या पावसावरून पुराची आगाऊ सूचना देण्याची यंत्रणा उभी केली. तापीचे पाणलोटही एकाहून अधिक राज्यांत आहे. तिथे जे जमले ते इथे का जमू नये?

टिळकवाडी, निवृत्त स्थापत्य अभियंता

वडगावच्या दादांचे म्हणणे वाचून मला माझे एक वाक्य मागे घ्यावे लागत आहे. मोऱ्या रुंद करा, हे मी सरसकट लिहिले, ते चूक होते. वरची मोरी रुंद केली आणि खालची तशीच ठेवली, तर तुंबण्याची जागा फक्त खाली सरकते. म्हणून काम नेहमी खालून वर करत आणले पाहिजे. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि इथे लिहिताना विसरलो. आणि सर्वांत खालची मोरी हद्दीबाहेर आहे, हेही मला कबूल करावे लागते.

गणेशपूरच्या महोदयांना मात्र एक सांगतो. पूर आणि टंचाई यांत आधी कोण, असा वाद घालण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात कणकुंबीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो-धो कोसळतो आणि अथणीला वर्षाकाठी 600 मिलिमीटरही पडत नाही. शहर या दोन्हींच्या मध्ये बसले आहे. जुलैचे पाणी अडवायला जागा मिळाली, तर तेच पाणी एप्रिलमध्ये विहिरीत दिसेल. प्रश्न जागेचा आहे.

मार्कंडेयकाठ

जागेबद्दल माझा एक प्रस्ताव आहे. नाल्याकाठची जी शेते दर मोठ्या पावसात पाणी पोटात घेतात, ती शहराची सेवाच करतात. त्या शेतांवर बांधकामाला कायमची बंदी घालावी, पूरपट्टा म्हणून त्यांची नोंद करावी, आणि ज्या वर्षी पाणी थांबेल त्या वर्षी शहराने आपल्या अंदाजपत्रकातून शेतकऱ्याला ठरलेली रक्कम द्यावी. ती पंचनाम्याच्या मर्जीवर नसावी, पाण्याच्या नोंदलेल्या उंचीवर आणि दिवसांवर ठरावी. खासबागचे घरही वाचेल आणि शिवारही शिवारच राहील.

वडगाव शिवार

प्रस्ताव प्रामाणिक आहे, पण आहे तसा मला मान्य नाही. पावसाचे पाणी असते तर आम्ही वर्षातून चार दिवस ते घेतले असते. आमच्या आजोबांनी घेतले, पैसे न मागता घेतले. आज नाल्यात पाऊस कमी आणि सांडपाणी जास्त आहे. प्रक्रिया न झालेले गटाराचे पाणी माझ्या वाफ्यात थांबवून त्याचे पैसे देतो म्हणणे, याला मी सेवा म्हणणार नाही. आधी सांडपाणी नाल्यापासून वेगळे करा. त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः बांध फोडून पाणी घेईन.

खासबाग, विणकर

ही अट रास्त आहे. माझ्या भिंतीवरची रेघही चुन्याखाली काळीच दिसते, तांबडी नाही. ते नुसत्या पावसाचे पाणी नव्हते.

टिळकवाडी, निवृत्त स्थापत्य अभियंता

माझ्याकडे लेव्हलिंगचे जुने उपकरण अजून चालू स्थितीत आहे. खासबागची रेघ आणि शिवारातले बांध एकाच पातळीवरून मोजले, तर पाणी कुठे आणि किती अडले हे कागदावर येईल; आणि तो कागद मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत महापालिकेला देता येईल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता येळ्ळूर रस्त्यावरच्या पुलापासून सुरुवात करू. पट्टी धरायला दोन माणसे हवीत.

वडगाव शिवार

रविवारी आमची मसूर काढणी आहे. सोमवारी आम्ही बैल जुंपत नाही, त्या दिवशी या. पट्टी मी धरीन आणि धाकट्या भावालाही आणीन.