क्लिपरमधला जुना डॉस प्रोग्रॅम विंडोज ११ वर: प्रिंटर आणि मराठी नावांचं काय करायचं?

पाणंद

नमस्कार मंडळी. दूध संस्थेचा संकलन आणि दहा दिवसांच्या बिलांचा प्रोग्रॅम आहे, क्लिपर ५ (डॉसच्या काळातली डाटाबेसची प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये लिहिलेला. डाटा डीबीएफ (नोंदींच्या) आणि एनटीएक्स (इंडेक्सच्या) फायलींत. आजवर विंडोज ९८ च्या मशीनवर डॉस मोडमध्ये चालत होता. मशीनमध्ये जिस्ट कार्ड (डॉसच्या पडद्यावर मराठी दाखवणारं) होतं, त्यामुळे सभासदांची आणि गावांची नावं मराठीत, बाकी सगळं इंग्रजी आणि आकडे. मदरबोर्ड गेला. हार्डडिस्क (४० पिनांची आयडीई) शाबूत आहे. प्रोग्रॅम लिहिणारा आता उपलब्ध नाही, सोर्स नाही.

नवे दोन पीसी आले आहेत, दोन्हीवर विंडोज ११. अडचणी अशा:

१) ईएक्सईवर क्लिक केलं की "हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" असा निरोप येतो. कम्पॅटिबिलिटीत विंडोज ९८ निवडूनही तेच.
२) प्रिंटर ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स, पॅरलल केबलचा. नव्या पीसीला ते पोर्टच नाही. यूएसबी-पॅरलल केबल आणली आहे.
३) डीबीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं.
४) दोन्ही पीसीवरून एकाच वेळी भरणा करता येईल का?

कागद १० × १२ इंची, सलग. पुढचं बिल आठ दिवसांवर आहे.

---

सोळाबिट

आधी डिस्क. आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरला जोडा (३.५ इंची डिस्कला त्यासोबतचा वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लागतो) आणि प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर उचला, फक्त डीबीएफ नाही. क्लिपरचे प्रोग्रॅम बऱ्याचदा एमईएम फायलींत शेवटचा बिल नंबर, दर, संस्थेचं नाव ठेवतात. ती एक फाइल राहिली की बिलं पुन्हा १ पासून सुरू होतात. एक प्रत पेनड्राइव्हवर बाजूला ठेवा. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.

आता न चालण्याचं कारण. तुमचा प्रोग्रॅम १६ बिटांचा आहे. डॉस प्रोग्रॅम चालवायला ३२ बिट विंडोज प्रोसेसरचा व्हर्च्युअल ८०८६ मोड वापरायचं. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की तो मोडच उपलब्ध नसतो, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचा भाग दिलेला नाही. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही. कम्पॅटिबिलिटीच्या टॅबचा इथे काही उपयोग नाही, त्यात वेळ घालवू नका. ३२ बिट विंडोज १० वर हे चाललं असतं, पण त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संस्थेच्या पैशांचं मशीन त्यावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत.

डॉसबॉक्स-एक्स (विंडोजच्या आत जुनं डॉस मशीन उभं करणारा प्रोग्रॅम) घ्या. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी आहे. फाइल लॉकिंग, छपाई, जास्त फायली उघडणं या गोष्टी त्यात कच्च्या आहेत आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला नेमक्या त्याच लागतात.

फोल्डर डी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये अजिबात नको. विंडोज ११ तिथलं सगळं वनड्राइव्हला जोडू पाहतं आणि प्रोग्रॅम लिहीत असतानाच फाइल अपलोडला उचलली जाते.

सेटिंग फायलीत एवढं करा:

– आउटपुट: टीटीएफ. अक्षरं मोठ्या पडद्यावरही रेखीव दिसतात.
– सायकल्स (डॉस मशीनचा वेग): फिक्स्ड २००००. "मॅक्स" ठेवू नका. उघडताच शून्याने भागल्याची चूक आली तर ५००० वर या. जुने प्रोग्रॅम सुरुवातीला मशीनचा वेग मोजतात, फार वेगवान मशीनवर मोजलेला वेळ शून्य येतो आणि भागाकार फसतो.
– कॉन्फिग विभागात फाइल्स: १००.
– ऑटोएक्झेक विभागात आधी "सेट क्लिपर=एफ:८०", मग माउंट (फोल्डर डॉसला ड्राइव्ह म्हणून जोडणं), मग प्रोग्रॅमचं नाव.

शेवटच्या दोन्ही ओळी हव्यातच. क्लिपर दोन्हींतला लहान आकडा धरतो. एक डीबीएफ आणि तिचे तीन इंडेक्स म्हणजे चार फायली. सभासद, संकलन, दर, कपाती, पशुखाद्य असं सगळं एकदम उघडलं की वीसची मर्यादा सहज संपते. मग "ओपन एरर, डॉस एरर ४" दिसतो आणि लोक डाटा खराब झाला असं समजून घाबरतात.

पहिल्यांदा चालू झाल्यावर मेनूतून रीइंडेक्स करून घ्या (इंडेक्स फायली नव्याने बांधल्या जातात). आणि खिडकीच्या फुलीवर क्लिक करून कधीही बाहेर पडू नका. डीबीएफच्या माथ्यावर एकूण नोंदींचा आकडा असतो, तो फाइल नीट बंद होताना पक्का होतो. फुली मारली तर नोंदी फायलीत असतात, पण माथ्यावरचा आकडा जुना राहतो, आणि प्रोग्रॅमला शेवटच्या नोंदी दिसत नाहीत.

एक अजून तपासा, तेही प्रतीवरच. तारखेत ०१/०१/३० टाका, नोंद जतन करा आणि डीबीएफ लिब्रेऑफिसमध्ये नुसती पाहा. वर्ष २०३० आलं तर ठीक. १९३० आलं तर प्रोग्रॅम ३० या दोन अंकी वर्षाला १९३० धरतो आणि २०३० पासून बिलं चुकतील. लिब्रेऑफिसमधून सेव्ह मात्र करू नका. रकान्यांच्या रुंद्या बदलू शकतात आणि एनटीएक्सला त्याचा पत्ता नसतो.

---

नऊपिन

छपाईचं मी सांगतो.

यूएसबी-पॅरलल केबलने एलपीटी१ (डॉसमधलं पॅरलल छपाई पोर्टाचं नाव) तयार होत नाही. विंडोजला ती यूएसबी००१ नावाचं छपाई पोर्ट म्हणून दिसते. डॉस प्रोग्रॅम एलपीटी१ शोधतो, म्हणून मध्ये एक पायरी घालावी लागते.

प्रिंटर जोडा आणि त्याला कंपनीचा ड्रायव्हर न देता विंडोजमधला "जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली" द्या. पोर्ट यूएसबी००१. मग प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव लहान, समजा "ठिपका", इंग्रजी अक्षरांत आणि जागा न सोडता. प्रोग्रॅमची छपाई डॉसबॉक्स-एक्सच्या पॅरलल विभागात "फाइल" या प्रकारावर वळवा, टाइमआउट ३००० द्या, आणि ओपनविथमध्ये एक बॅच फाइल लावा. त्या बॅचमध्ये एकच काम: आलेली फाइल "कॉपी /बी" ने संगणकाच्या नावासह त्या शेअरवर पाठवणं. "/बी" विसरलात तर फायलीत २६ हा आकडा जिथे येईल तिथेच छपाई थांबते, कारण कॉपी त्याला फायलीचा शेवट समजते.

"नेट यूज एलपीटी१" हा जुना उपायही चालतो, पण तो अ‍ॅडमिन खिडकीत दिला तर साध्या खिडकीला दिसत नाही. त्यात फार जण अडकतात. थेट शेअरवर कॉपी केलेली बरी.

टाइमआउट कमी ठेवला तर हिशेब करताना प्रोग्रॅम जरा थांबला की डॉसबॉक्स छपाई संपली समजतो आणि एका बिलाचे दोन तुकडे होतात. सभासद हजारावर असतील तर ५००० करा.

तुमचा कागद १२ इंची आहे. इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ७२. बरेच प्रिंटर चालू होताना ११ इंच, म्हणजे ६६ ओळी धरतात. मग दुसऱ्या पानाचा मथळा सहा ओळी वर सरकतो, तिसऱ्याचा बारा, आणि दहाव्या बिलाला सभासदाचं नाव एका कागदावर आणि रक्कम दुसऱ्यावर. उपाय: २७, ६७, ७२ या तीन बाइटांची छोटी फाइल करून ठेवा. सकाळी कागदाची छिद्ररेघ प्रिंटहेडखाली आणा आणि ती फाइल एकदा पाठवा. या आज्ञेने प्रिंटर त्या क्षणी जिथे आहे तीच पानाची सुरुवात धरतो. म्हणून कागद आधी जुळवायचा, मग आज्ञा. मध्येच वीज गेली तर पुन्हा करायचं.

पत्रक रुंद असेल तर १५ या बाइटने बारीक छपाई सुरू होते आणि १८ ने बंद. ८ इंचांत १३७ अक्षरं बसतात. हे कोड तुमचा प्रोग्रॅम बहुधा स्वतःच पाठवतो आणि जेनेरिक ड्रायव्हर ते जसेच्या तसे पुढे सोडतो. कंपनीचा ड्रायव्हर नको म्हणालो तो यासाठीच, फायलीचं चित्र करून छापायला लागला तर एक बिल मिनिटभर खातं.

पोर्टाला मागे लॉक (डोंगल) लावलेलं असेल तर मात्र आधी सांगा. या केबलमधून ते चालत नाही.

---

कानामात्रा

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण नावं गेली तर नुसते कोड नंबर उरतील. तुमची नावं गेलेली नाहीत.

जिस्ट हे पुण्याच्या सी-डॅकचं तंत्र, मूळ काम आयआयटी कानपूरचं. फायलीत अक्षरं इस्की संकेतात असतात (भारतीय मानक १३१९४, १९९१). १२८ च्या खाली नेहमीची इंग्रजी अक्षरं, १६० च्या वर देवनागरी. पडद्यावर मराठी काढायचं काम कार्ड करायचं. कार्ड नाही म्हणून तेच बाइट आता डॉसच्या रेघा-चौकटींच्या चिन्हांत दिसतात.

"पुणे" बघा. फायलीत चार बाइट: २०० (प), २२१ (उकार), १९३ (ण), २२५ (मात्रा). कार्डाशिवाय पडद्यावर दुहेरी रेघांचा कोपरा, अर्धा काळा ठोकळा, उलटा टी आणि जर्मन लिपीतला दुहेरी एस. तुमच्या फायलीत असाच माल दिसत असेल तर इस्कीच आहे आणि सगळं परत मिळतं. विंडोज ९५ नंतरच्या मराठी फाँटांचा मजकूर वेगळा, तिथे अक्षरांचे तुकडे साठवलेले असतात आणि प्रत्येक फाँटाची सारणी निराळी.

डॉसबॉक्स-एक्स हे कार्ड उभं करत नाही. म्हणजे प्रोग्रॅमच्या आत मराठी दिसणार नाही. काम सभासद क्रमांकावर चालवा, नावं बाहेर युनिकोडमध्ये आणा.

विंडोजला हा संकेत ५७००२ या कोडपेजने (अक्षर-संकेतांच्या सारणीचा क्रमांक) माहीत आहे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये फाइल बाइट म्हणून वाचा, नावाच्या रकान्याचे बाइट कापा, ५७००२ च्या एन्कोडिंगने मजकूर करा आणि यूटीएफ-८ मध्ये लिहा, सुरुवातीच्या खुणेसह. ती खूण नसेल तर एक्सेल पुन्हा चिन्हंच दाखवेल.

कापायचं कुठे? डीबीएफच्या माथ्यात शून्यापासून मोजत ४ ते ७ या बाइटांत नोंदींची संख्या, ८-९ मध्ये माथ्याची लांबी, १०-११ मध्ये एका नोंदीची लांबी. लहान बाइट आधी. म्हणजे ९७ आणि १ असे दोन बाइट दिसले तर ९७ + २५६ = ३५३. माथा ओलांडला की नोंदी एकामागून एक, प्रत्येकीचा पहिला बाइट ३२ किंवा ४२. ४२ म्हणजे खोडलेली नोंद, ती गाळा, नाहीतर सोडून गेलेले सभासद यादीत परत येतील.

अख्खी फाइल एकदम रूपांतरित करू नका. आधी बाइटांनी कापायचं, मग बदलायचं. रकान्याची रुंदी बाइटांत ठरलेली असते आणि युनिकोडमध्ये ती लांबी बदलते, म्हणून आधी बदलून मग कापलं तर नावाची शेपटी गावाच्या रकान्यात जाते.

बिलांवर मराठी नाव हवंच असेल तर नऊपिन यांच्या वाटेने आलेली फाइल प्रिंटरला न पाठवता याच पद्धतीने तोडा आणि एक्सेल किंवा वर्डच्या तक्त्यात भरून साध्या लेझर प्रिंटरवर काढा. ९ पिनांच्या प्रिंटरला थेट इस्की पाठवलं तर तो स्वतःच्या सारणीतली तिरपी इंग्रजी अक्षरं छापतो.

---

पाणंद

मनापासून आभार. प्रोग्रॅम चालू झाला, रीइंडेक्स झालं. डोंगल नाही. कागद ७२ ओळींवर बसला, पण प्रत्येक बिलानंतर एक कोरा कागद बाहेर येतोय. नावं ५७००२ ने आली, फक्त "सुऱ्या", "कऱ्हाड" अशा ठिकाणी शंका आहे, आणि काही नावांत मध्येच पाय मोडलेलं अक्षर दिसतं. दुसऱ्या पीसीवरून उघडलं तर डॉस एरर ३२.

---

नऊपिन

पॅरलल ओळीत "अ‍ॅड एफएफ" लागलंय का बघा, काढून टाका. तुमचा प्रोग्रॅम पान स्वतः सोडतो, त्यावर डॉसबॉक्स आणखी एक सोडतोय.

---

सोळाबिट

एरर ३२ म्हणजे फाइल दुसऱ्याने धरून ठेवली आहे. क्लिपर मुळात फाइल एकट्यासाठीच उघडतो, लिहिणाऱ्याने मुद्दाम सामायिक उघडली नसेल तर प्रोग्रॅम एका वेळी एकानेच वापरायचा आहे. शेअरिंगची तपासणी बंद करून तो दोन ठिकाणी चालवता येतो, पण करू नका. दोघांची नोंद एकाच जागी लिहिली जाते आणि इंडेक्स फुटतो. दुसऱ्या पीसीला रोज संध्याकाळी फोल्डरची प्रत द्या, त्यावरून पत्रकं काढा, भरणा एकाच ठिकाणी ठेवा.

दुसरीकडे कुणाचा प्रोग्रॅम खरोखर अनेकांनी एकाच वेळी वापरायचा असेल तर डॉस विभागात "फाइल अ‍ॅक्सेस ट्राइज" ३ ठेवायचं. शून्य असेल तर वाचलेला डाटा साठवून ठेवला जातो आणि समोरच्याने केलेला बदल दिसत नाही.

---

कानामात्रा

"सुऱ्या"मधला र इस्कीत २०८ (नुक्त्याचा ऱ) आणि त्यापुढे २३२ (हलन्त) असा असतो. युनिकोडमध्ये ऱ, हलन्त, य असं आलं असेल तर बरोबर आहे. साधा र (२०७) आणि हलन्त असेल तर ती भरतानाचीच चूक, तिथे "सुर्या" असा रफारच उमटेल. अशी नावं हाताने दुरुस्त करा, सरसकट बदलू नका, "सूर्यकांत"मधला रफार योग्यच आहे.

पाय मोडलेलं अक्षर दिसतं तिथे मूळ बाइट बघा. दोन २३२ लागोपाठ असतील तर भरणाऱ्याने हलन्त मुद्दाम उघडा ठेवला आहे. २३२ आणि २३३ असतील तर अर्धं अक्षर मागितलं आहे. आणि रकान्याचा अगदी शेवटचा बाइट २३२ असेल तर रकाना भरल्यामुळे नाव तिथेच तुटलं आहे, ते फायलीत कुठेच मिळणार नाही. एवढी मोजकी नावं सभासद नोंदवहीतून बघून भरा.