सावडीचं काय करायचं?
कुणीतरी म्हटलंय की नाती दोनच, रक्ताची आणि मैत्रीची. बाकी सगळा व्यवहार. मला नाही पटत. मग सावडीचं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याचं, काय करायचं? मावळात भातलावणीला आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, असं चालतं. पैसे कुणी देत-घेत नाही, पण हिशोब पक्का. तुमच्याकडून दोन माणसं आली तर आमच्याकडूनही दोन गेलीच पाहिजेत, तीही धडधाकट. थकलेल्या सासूला पाठवून भागत नाही! घाटावर एकेकच बैल असलेले दोघं पैरा करून, म्हणजे बैल एकत्र जुंपून, दोघांचीही रानं नांगरायचे. त्यांचं एरवी फार गूळपीठ असायचं असंही नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टकचेरी आणि पैऱ्याला दुसऱ्या आळीतला गडी, हे कितीतरी गावांत दिसेल. (इर्जिक, म्हणजे गावाने मिळून एकाचं काम उरकून देणं, ती वेगळी. तिथे मालक जेवण घालतो, परतफेड कुणी मोजत बसत नाही.) ट्रॅक्टर आले आणि बैलांचा पैरा बहुतेक मोडला. लावणीची सावड मात्र मजूर मिळेनात म्हणून काही ठिकाणी तगून आहे. व्यवहार म्हणाल तर आहेच हो. पण सावडीतल्या घरात ऐन लावणीत मयत झाली, तर आधी त्यांचंच खाचर उरकतात.