मेळघाटातल्या गावाच्या मिनी-ग्रिडला पवनचक्की जोडावी का? बेटांवर कसं जमवतात?

गावचा_वायरमन (चिखलदरा तालुका)

नमस्कार राजेहो.

आमचं गाव जंगलाच्या आतल्या अंगाला. मोठ्या लाईनचे खांब अजून इथवर आले नाहीत, म्हणून गावाची वीज गावातच बनते. १५ किलोवॅटचे सोलर पॅनल, २४० व्होल्ट ६०० एएचची ट्यूब्युलर बॅटरी बँक, थ्री फेज इन्व्हर्टर, अन् एक जुना १५ केव्हीएचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. घरं साठेक. आयटीआय करून आलो तेव्हापासून हे सारं माझ्याच गळ्यात आहे.

उन्हाळ्यात दुपारीच बॅटरी फुल होते. कटकट पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात ढग हलतच नाहीत, रात्री नऊच्या आत इन्व्हर्टर लो बॅटरीची बोंब मारते, मग डीजी लावा. डिझेल परतवाड्याहून कॅनमध्ये, मोटरसायकलवर, घाट चढून. अन् नेमका त्याच दिवसांत वारा असा सुटते का छपरावरचे टिनं धरून ठेवा लागतात.

आता एक संस्था ५ किलोवॅटची पवनचक्की फुकट द्यायला तयार आहे. ग्रामसभेत सारे खुश. मलेच धाकधूक आहे. आमची पाच एचपीची आटाचक्की लावली तरी इन्व्हर्टर ट्रिप मारते, त्यात वाऱ्यासारखी लहरी वस्तू जोडली तर काय होईन? समुद्रातली काही बेटं म्हणे वाऱ्यावरच चालतात. त्यायच्या मागे तर कोणतीच मोठी लाईन नाही. ते कसं जमवतात? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा.

संत्रावाला_जहाजी (वरुड)

भाऊ, मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता वरुडला संत्र्याची बाग पाहतो. जहाजाचं अन् तुमच्या गावाचं दुखणं एकच. मागे ग्रिड, म्हणजे मोठ्या लाईनचं जाळं, नाही. जेवढी वीज बनली तेवढीच त्याच क्षणी खपली पाहिजे.

आधी युनिटचा हिशेब बाजूला ठेवा. महिन्याला इतके युनिट सूर्य देईन, इतके वारा देईन, हे कागदावर नेहमीच जुळते. बेट अंधारात जाते ते सेकंदांच्या हिशेबानं. खप अन् निर्मिती यात फरक पडला का फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला ५० ठोके, हलते, जास्त हलली का ब्रेकर पडते. आपल्या देशाची ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेसकट एक झाली, अन् मे २०२४ मध्ये तिची मागणी २५० गिगावॅटवर गेली. साताऱ्याच्या पठारावरची एक पवनचक्की थांबली तर तिला गंधही लागत नाही. पाचशेच्या पंगतीत चार पाहुणे वाढले तर आचारी मान वर करत नाही. घरी दोघांच्याच भाकरी थापल्या अन् चौघं दारात आले तर चूल पुन्हा पेटवा लागते. तुमचं गाव दोन भाकरीवालं.

जहाज धक्क्याला लावताना बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाच्या नाकाकडचा आडवा पंखा, लागते, त्याची मोठी मोटर असते. ती लावायच्या आधी दुसरा जनरेटर सुरू करून, सिंक करून, म्हणजे दोघांचे ठोके जुळवून, पॅरलल घ्यावा लागते. तोवर सिस्टीम थ्रस्टरला स्टार्टच देत नाही. लोड यायच्या आधी ताकद हजर पाहिजे, हा कोणत्याही छोट्या ग्रिडचा पहिला नियम. वाऱ्याचा घोळ असा का तो न सांगता येते अन् न सांगता जाते. म्हणून बेटवाल्यांचं निम्मं डोकं 'राखीव काय ठेवायचं' यातच जाते.

सगळ्यात सोपं राखीव म्हणजे डिझेल. पण डिझेल इंजिनला हलका लोड पचत नाही. वारा चांगला आला, डीजीवर १०-१५ टक्केच लोड राहिला, का सिलिंडर तापत नाही, डिझेल अर्धवट जळते. सायलेन्सरच्या जोडातून काळं ओलं तेल पाझरताना दिसलं तर समजा का इंजिनाचे हाल होऊन रायले. ३०-४० टक्क्यांच्या खाली ते फार वेळ चालवू नये. अन् रिकामं फिरलं तरी फुल लोडच्या साधारण पाव हिस्सा डिझेल ते पितेच. म्हणजे पवनचक्की लावली अन् 'कधी लागेन सांगता येत नाही' म्हणून डीजी पण चालूच ठेवला, तर तुमचा परतवाड्याचा चक्कर काही वाचत नाही. खरा फायदा डीजी पूर्ण बंद ठेवता आला तरच.

ते ऑस्ट्रेलियाच्या किंग आयलंडनं करून दाखवलं. टास्मानियाच्या वरच्या अंगाला समुद्रातलं छोटं बेट, दीड-दोन हजार वस्ती. पवनचक्क्या १९९८ पासून होत्या, पण डिझेल बंद करायची हिंमत नव्हती. मग तीन गोष्टी बसवल्या. एक मोठी बॅटरी. एक फ्लायव्हील, म्हणजे सदा फिरतं जड चाक, जे लोडचा झटका आपल्या अंगावर घेते. अन् तिसरी मला सगळ्यात आवडते, १.५ मेगावॅटचा रेझिस्टर. हीटरच म्हणा. वारा जास्त असला का उरलेली वीज त्यात जाळतात. लोक म्हणतात वाया गेली. अहो, वारा पडला का हीटर तेवढाच कमी करायचा, पापणी लवायच्या आत तेवढी वीज गावाला मोकळी! जाळून रायले तेच राखीव. २०१३ मध्ये तिथं डिझेल इंजिन पूर्ण बंद ठेवून सारं बेट चाललं.

स्पेनचं एल हिएरो वेगळ्या वाटेनं गेलं. पाच पवनचक्क्या मिळून ११.५ मेगावॅट, अन् डोंगरावर जुन्या ज्वालामुखीच्या मुखात पाण्याचं तळं. वारा असला का पंपानं पाणी वर, नसला का तेच पाणी खाली टर्बाईनवर. प्रकल्प २०१४ चा. गंमत म्हणजे वारा भरपूर असतानाही पाण्याच्या टर्बाईन चालू ठेवतात अन् त्याच वेळी पंपही चालवतात. वरून पाणी सोडा, खालून परत चढवा. वेड्यासारखं दिसते, पण फ्रिक्वेन्सी धरून ठेवायला कोणीतरी जड फिरणारं लागते, अन् वाढ-घट पंपावर काढता येते. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग तीन आठवड्यांहून जास्त डिझेलशिवाय चाललं. त्या पूर्ण वर्षात वारा-पाण्याचा वाटा मात्र निम्म्याच्या थोडा वरच राहिला, कारण वारा नसलेले महिनेही असतातच.

अन् तुमच्या आटाचक्कीचं उत्तर अलास्कातल्या कोडिअॅक बेटावर आहे. तिथं पाणी अन् वारा दोन्हीची वीज, डिझेल जवळपास नाहीच. मग बंदरावर मोठी इलेक्ट्रिक क्रेन आली. कंटेनर उचलला का लोड एकदम उसळते. ग्रिड कोलमडू नये म्हणून २०१५ च्या सुमारास दोन फ्लायव्हील बसवले, ते क्रेनचे झटके खातात. तुमची आटाचक्की म्हणजे तुमच्या बेटाची क्रेन. डायरेक्ट स्टार्टरवर पाच एचपीची मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, म्हणजे क्षणभर ३० केव्हीएच्या वर. तुमचा इन्व्हर्टर बिचारा काय करीन? पवनचक्कीच्या आधी आटाचक्कीला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावा. मोटर शून्यापासून हळूहळू उचलते, करंट रेटिंगच्या आसपास राहते. पवनचक्कीच्या मानानं खर्च काहीच नाही, अन् त्याचा फरक पहिल्याच दळणाला दिसते.

कडू_कॉफी (नागपूर)

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. साऱ्या महाराष्ट्राला पुरवायची वीज विदर्भात बनते, राख विदर्भात पडते, अन् मेळघाटातल्या पोरानं विचारावं का बेटावर वीज कशी करतात. घ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बंगालमधल्या सागर बेटावर सोलर, पवन, डिझेल सारं करून झालं, शेवटी नदीवरून मोठी लाईन आलीच. तुमच्याकडंही उद्या खांब येतीन. तेव्हा हे सामान भंगारात जाणार का लाईनला जोडता येणार, ते त्या संस्थेले आजच लेखी विचारा.

पॉवर_सिस्टिम_ताई (अमरावती)

जहाजी काकांनी मोठ्या बेटांचं छान सांगितलं. मी पॉलिटेक्निकला शिकवते, तुमच्या सेटअपबद्दल थोडं बोलते.

दादा, एका बाबतीत तुम्ही त्या बेटांपेक्षा सुखी आहात. तुमच्याकडे फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टर धरतो, इंजिन नाही. त्यामुळे पवनचक्की एसी लाईनवर, म्हणजे घरांना जाणाऱ्या लाईनवर, आणायचीच नाही. तिची वीज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) आणि विंड चार्ज कंट्रोलरमधून थेट बॅटरीच्या डीसी बसवर, म्हणजे बॅटरीच्या मुख्य तारांवर, द्या. वाऱ्याचा झोत आला-गेला तरी घरातल्या ट्यूबलाईटला कळणार नाही, मधला धक्का बॅटरी खाईल. एसीवर जोडणारे इन्व्हर्टर असतात आणि बॅटरी भरली की मुख्य इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० च्या वर सरकवून त्यांना 'कमी करा' असं सांगतो. पण तुमच्या जुन्या डीजीसोबत तो खेळ नको.

डीसीवर जोडलं तरी दोन गोष्टी पाहाव्याच लागतील. ६०० एएचच्या लेड अॅसिड बँकेला साधारण ६० अँपिअरने चार्ज करणं बरं. तुमचं सोलर भर उन्हात एकटंच तेवढं देतं. पावसाळ्यात मधेच ऊन पडलं आणि वाराही असला तर ८० च्या पुढे जाईल, बॅटरी तापेल, पाणी उडेल. दोन्ही कंट्रोलरची एकत्र मर्यादा बांधून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सोलर पॅनलची वायर काढली तर पॅनल गुपचूप बसतं. पवनचक्कीची वायर वादळात सुटली तर पातं बेफाम फिरतं आणि स्वतःला मोडून घेतं. म्हणून डम्प लोड, म्हणजे काकांचा तो हीटर, तुमच्याकडेही लागेलच. तो पवनचक्कीच्या पूर्ण क्षमतेचा हवा आणि बॅटरीच्या फ्यूजच्या अलीकडे, पवनचक्कीच्या बाजूला, कायमचा जोडलेला हवा. पाण्याची मोटर डम्प लोड म्हणून चालणार नाही. टाकी भरलेली असली की मोटर बंदच असते. आश्रमशाळा जवळ असेल तर तोच हीटर अंघोळीच्या पाण्याच्या टाकीत बसवता येईल, पण टाकी रिकामी झाली तरी तो जळून जाणार नाही अशी सोय हवी.

आता '५ किलोवॅट' या आकड्याबद्दल. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनात वाढते. पाच मीटर व्यासाचं पातं धरलं तर सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात हातात साधारण ४०० वॅट येतात. दुप्पट वाऱ्यात त्याच्या आठपट, तीन किलोवॅटच्या थोडं वर. पाटीवरचे ५ किलोवॅट त्याहूनही जोराच्या वाऱ्यातले असतात. टिनं उडतात म्हणजे झोत आहेत, त्यावरून रात्रभर किती वाहतो ते कळत नाही. संस्थेला सांगा, आधी वारा मोजायचं यंत्र डेटा लॉगरसकट एक पूर्ण पावसाळा लावा.

आणि बेटांकडून घ्यायचंच असेल तर स्कॉटलंडच्या एग बेटाचा नियम घ्या. शंभरेक माणसांचं बेट, २००८ पर्यंत ज्याचं त्याचं डिझेल. मग पाणी, वारा, सूर्य एकत्र करून गावाची ग्रिड केली. पवनचक्क्या फक्त चार, प्रत्येकी ६ किलोवॅटच्या. पण ती ग्रिड टिकली ती नियमामुळे: घराला एका वेळी ५ किलोवॅट, धंद्याला १०, त्यावर गेलात की तुमचं कनेक्शन ट्रिप. श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखं. तुमच्या गावात घरटी मर्यादा आहे का?

गावचा_वायरमन

काका, ताई, लय उपकार. मर्यादा कागदावर आहे, घरटी २ अँपिअरची एमसीबी (जास्त लोड झाला का पडणारं बटण). पण दोन-तीन घरांनी एमसीबीच बायपास केली, अन् त्यात एक घर अशा माणसाचं आहे का ज्याले बोलायची सोय नाही. ते ग्रामसभेत घेतो. एग बेटाचं उदाहरण देतो, म्हणजे मी एकटाच वाईट दिसणार नाही.

व्हीएफडीचं आजच परतवाड्याले फोन करून विचारलं. थ्री फेज मोटर आहे, जमते म्हणाले.

संस्थेवाले म्हणून रायले का शाळेच्या मागं मोकळी जागा आहे, तिथंच ९ मीटरचा खांब रोवू. बाजूला मोहाचे दोन जुने झाडं आहेत. चालीन का?

संत्रावाला_जहाजी

नाही चालणार. मोहाचं झाड तर तोडणार नाही ना कोणी, अन् तोडूही नये. आजूबाजूच्या शंभर मीटरच्या घेरात जे सगळ्यात उंच असेल त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक नऊ-दहा मीटर वर पाहिजे. झाडाआडचा वारा नुसता गरगरते, त्यात वीज कमी अन् बेअरिंगची झीज जास्त. शाळेच्या मागं हे जमवायचं म्हणजे पंचवीस मीटरचा मास्ट झाला.

गावाजवळ उघडी टेकडी असेल तर तिथं बारा-पंधरा मीटरमध्ये भागीन. मास्ट जमिनीवर आडवा करता येईल असा बिजागरीचा मागा, ट्रॅक्टरच्या दोरानं पाडता-उभारता येते. नाही तर बेअरिंग बदलायला वर चढणारा माणूस कुठून आणाल? विजा तुमच्याकडं कडाडतात, तेव्हा मास्टची अर्थिंग वेगळी, अन् केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा). सुटे भाग, निदान एक पात्यांचा जोड अन् बेअरिंगचा सेट, संस्थेकडून पहिल्या दिवशीच घेऊन खोलीत ठेवा. पुढं फोन कोणी उचलत नाही.

टेकडीपासून बॅटरी रूमपर्यंत किती मीटर भरते ते मोजून इथं टाका, अन् पवनचक्कीच्या जनरेटरचा व्होल्टेज किती आहे तेही. केबलचा साइज काढून देतो.