मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या अमेरिकन नोटा, एकीवर 'हवाई' (HAWAII) छापलंय

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आईचे वडील पन्नास-साठच्या दशकात मालवाहू बोटींवर खलाशी होते. मामाने दापोलीकडचं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन अमेरिकन नोटा सापडल्या. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते.

पहिली एक डॉलरची, सिरीज १९५७ बी, निळा शिक्का. वर 'सिल्व्हर सर्टिफिकेट' आणि खाली, मागताक्षणी एक डॉलर चांदीत मिळेल अशा अर्थाचा मजकूर. नंबरच्या आधी छोटी चांदणी आहे. दुसरी दोन डॉलरची, १९५३ ची, लाल शिक्का. तिचा एक कोपरा फाटलाय. मामा म्हणतो उंदराचं काम, पण कडा फारच सरळ आहे. तिसरी जरा विचित्र: एक डॉलर, १९३५ ए, शिक्का आणि नंबर तपकिरी, पुढून दोन्ही टोकांना उभं 'हवाई' आणि मागे नोटभर मोठ्या पोकळ अक्षरांत तेच.

मुंबईत जुन्या नाण्यांच्या एका दुकानदाराने "ही तर बाद झालेली, फक्त त्या बेटांवर चालायची" असं सांगून तिन्हींचे मिळून पाचशे रुपये देऊ केले. देऊन टाकू का? चांदी अजून मिळते का? आणि नोटा मळक्या, घड्या पडलेल्या आहेत, हलकी इस्त्री फिरवली तर चालेल ना?

मिलपिटसकर

ताई, इस्त्री आधी कपाटात ठेवा! धुणं, पुसणं, दाबणं काहीही करू नका. जाणकाराला ते लगेच कळतं आणि भाव पडतो.

दुकानदाराचं 'बाद' हे साफ खोटं आहे. १८६१ पासूनचा अमेरिकन सरकारचा कागदी पैसा आजही दर्शनी किमतीला वैध आहे. हवाईच्या नोटेची गोष्ट अशी: डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला, आणि त्यांनी बेटं घेतली तर तिथल्या डॉलरचा साठाही त्यांच्या हाती लागेल अशी धास्ती वाटली. म्हणून १९४२ मध्ये लोकांकडच्या आणि बँकांतल्या साध्या नोटा परत घेऊन या छापाच्या दिल्या. बेटं गेलीच तर तेवढ्याच नोटा रद्द करता आल्या असत्या. परत घेतलेल्या सुमारे २० कोटी डॉलरच्या नोटा जाळल्या. आधी स्मशानातल्या भट्टीत, आणि तिथे काम उरकेना म्हणून तिथल्याच आयेआ गावच्या साखर कारखान्यात. (नोटा जाळायला साखर कारखाना, कल्पना करा!) ऑक्टोबर १९४४ मध्ये निर्बंध उठले, पण छापलेल्या नोटा नंतरही चालत राहिल्या, त्यामुळे आजोबांच्या हाती येणं अगदी शक्य आहे. नोटेवरचं १९३५ हे साल त्या सिरीजचं, म्हणजे नोटेच्या आराखड्याचं असतं, छपाईचं नव्हे.

नकली छापही बाजारात आहेत. साध्या निळ्या शिक्क्याच्या नोटेवर कोणी 'हवाई' उमटवलेलं असेल तर ती सरळ बनावट. तुमची तपकिरी आहे, ही चांगली खूण. एक डॉलरच्या खऱ्या नोटेत नंबरच्या शेवटी बी किंवा सी येतं, तेवढं बघून सांगा.

टपालखोर

लाल नोटेबद्दल: उंदीर बिचारा निर्दोष असावा. दोनची नोट अमेरिकेत अपशकुनी मानायचे. घोड्यांच्या शर्यतीतला पैज लावायचा ठरलेला दर दोन डॉलर, त्यामुळे ती जुगाऱ्याची नोट म्हणून बदनाम. साडेसाती टळावी म्हणून कोपरा फाडून पुढे द्यायचे. संग्राहकाच्या लेखी मात्र तो दोषच, त्यामुळे फार आशा धरू नका. तरी मला विचाराल तर तिन्हींत मजेदार तीच.

चांदीचं आता विसरा. २४ जून १९६८ नंतर त्या नोटांवर चांदी देणं बंद झालं. चांदणीचा अर्थ, छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी ही घातली. ऐकायला भारी वाटतं, पण १९५७ च्या मालिकेच्या नोटा, चांदणीवाल्यासुद्धा, चिकार आहेत. वापरलेलीला दर्शनी किमतीच्या थोडंच वर मिळतं.

मिलपिटसकर

सहमत. हवाईची नोट मळकी असली तरी एकटीच पाचशेच्या कितीतरी वर जाते, तिन्ही मिळून तर देऊच नका. भाव बघताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची बघा. ग्रेडिंगला (म्हणजे फी घेऊन नोट तपासून तिचा दर्जा ठरवणाऱ्यांकडे) पाठवायची तर फक्त हीच. बाकी दोघींची फी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे! नंबर पाहिला, शेवटी सी आहे. दुकानदाराला नकार कळवते. सध्या नोटा फोटो अल्बमच्या प्लॅस्टिकमध्ये आहेत, तशाच राहू देत का?

टपालखोर

नको. त्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमुळे कालांतराने कागद चिकट होतो, त्यात कोकणातली दमट हवा. मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं मागा, टपाल तिकिटांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. नोट घडी न घालता सरकवा, आणि कोपऱ्याला बोट लावू नका.