मदत हवी आहे : मिथेनॉलवर चालणाऱ्या जहाजावर रुजू होण्यापूर्वीची तयारी

नमस्कार. मी व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. आजवरचे माझे सर्व काम जड तेलावर आणि १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आल्यानंतर कमी गंधकाच्या तेलावर झाले आहे. पुढील करारात मात्र मिथेनॉल आणि तेल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या कंटेनर जहाजावर जायचे आहे. आयजीएफ संहितेनुसार (वायू आणि सहज पेटणाऱ्या इतर इंधनांवर चालणाऱ्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता) लागणारे प्रशिक्षण मी घेतले. परंतु त्यात बहुतांश भर एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) होता, आणि उणे १६२ अंशांवर साठवावा लागणारा वायू व साध्या तापमानाला द्रवरूप राहणारे मिथेनॉल यांची हाताळणी सारखी कशी असेल, हे मला उमगत नाही.

मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्याची वाफ विषारी असते आणि सुमारे १२ अंशांवरच ती पेट घेऊ शकते, एवढे पुस्तकी ज्ञान आहे. प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे : इंधन बदलताना नायट्रोजनने नळ्या शुद्ध करण्यास किती वेळ धरावा? इंधन पंप आणि इंजेक्टरची झीज तेलाच्या तुलनेत जास्त जाणवते का? मिथेनॉलची ऊष्मा तेलाच्या निम्मीच असल्याने टाक्या वारंवार भराव्या लागतात; त्या वेळी इंजिनरूममधील पहाऱ्याची (वॉचची) विभागणी कशी करता?

हरित (अक्षय स्रोतांपासून बनवलेले) मिथेनॉल पुरेसे मिळेल का, हा वाद तूर्त बाजूला ठेवावा, ही विनंती. मला इंजिनरूममधील बारकावे हवे आहेत.